प्लास्टिकचा प्रायमर, पण कोणत्या प्लास्टिकचा? एका मिग-२१च्या पंखाचं प्रकरण

ऑगस्ट २०२५ मधला एक रविवार. नाशिकला सकाळपासून पावसाची झड लागलेली. खालच्या मजल्यावरचे काका पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून दारात उभे होते. "अगं, रंगाला अजून हातही लावला नाही. नुसता प्रायमर मारला, आणि पंखाचं बघ काय झालंय," म्हणत त्यांनी खोका टेबलावर ठेवला. आत १/४८ प्रमाणातलं, मिग-२१बिस या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल होतं, चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्ड कंपनीचं. जोडणी पूर्ण झालेली, सांधे घासून सपाट केलेले, काम अगदी नेटकं. आणि उजव्या पंखावर, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगा, फक्त केसाएवढ्या बारीक.

काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नाशिक विभाग १९६४ साली मिग-२१ बनवण्यासाठीच उभा राहिला. एफएल, एम आणि बिस हे तिन्ही प्रकार तिथून बाहेर पडले. काकांची बरीचशी नोकरी रंगखात्यात गेली. १९६३ साली वायुदलात आलेल्या या विमानाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप दिला जाणार, हे जाहीर झालं तेव्हा त्यांनी हे किट, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांचा संच, मागवलं. त्या दिवशी मॉडेल पूर्ण होऊन कपाटात असावं, एवढीच त्यांची इच्छा. हातात सहा आठवडे होते आणि पंख बिघडला होता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि पंधराएक वर्षं किट बनवते. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण चूक निष्काळजी माणसाची नव्हती. प्रायमर म्हणजे काय हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. खऱ्या मिगच्या अंगावर त्यांनी स्वतः प्रायमर मारलेला आहे. डब्यावरची सूचना वाचून, पृष्ठभाग पुसून, डबा दोन मिनिटं हलवून त्यांनी काम केलं होतं. तरीही फसलं, आणि फसलं ते नेमकं डब्यावरच्या एका शब्दामुळे.

आधी पंख नीट पाहिला. भिंग आणि आडवा प्रकाश, एवढं पुरतं. टेबललॅम्प खाली आणून उजेड पंखाला जवळजवळ समांतर पाडला की पृष्ठभागाची सगळी उंचसखलता दिसते. भेगा सगळीकडे सारख्या नव्हत्या. स्प्रूपासून म्हणजे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात तिच्यापासून, पंख जिथं कापला होता तिथून त्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरल्या होत्या. पुढच्या कडेला, जिथं वरचा आणि खालचा भाग चिकटवला होता, तिथं बारीक घळ पडली होती. मधल्या भागात भेगा कमी होत्या, पण रिव्हेटचे ठिपके आणि पॅनेलच्या रेषा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या झिजलेल्या दिसत होत्या. डाव्या पंखाची गोष्ट वेगळी. डबा संपत आल्याने काकांनी तिथं लांबून, हलका फवारा दिला होता. तो पंख किंचित खरखरीत झाला होता, एवढंच. धडाला प्रायमर लागलाच नव्हता.

या तीन खुणांनी निदान जवळपास झालं. प्रायमर वाईट प्रतीचा असता तर तो सोलला असता, किंवा त्याच्या थराला सुरकुत्या पडल्या असत्या. इथं प्रायमरचा थर शाबूत होता आणि त्याच्या खालचं प्लास्टिक विरघळून पुन्हा घट्ट झालं होतं.

"डबा आणलाय का?" मी विचारलं. काकांनी पिशवीतून काढला. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला फवाऱ्याचा डबा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत: प्लास्टिक प्रायमर.

दुकानदाराने काही खोटं सांगितलं नव्हतं. काकांनी मागितलं "प्लास्टिकवर मारायचा प्रायमर", त्याने तोच दिला. गाडीच्या दुकानात प्लास्टिक म्हणजे बंपर, आणि आजचे बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचे असतात. जुन्या बंपरची आतली बाजू पाहिली तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि ईपीडीएम (एक रबर) अशी अक्षरं साच्यातच उठवलेली सापडतात. पॉलिप्रॉपिलीनवर कुठलाच रंग सहजासहजी धरत नाही. म्हणून बंपरच्या प्रायमरमध्ये क्लोरीन जोडलेलं, पॉलिप्रॉपिलीनच्याच जातकुळीचं रेझिन घालतात आणि ते विरघळवायला झायलीन, टोल्युइनसारखी जहाल द्रावकं वापरतात. पॉलिप्रॉपिलीनची रचना अंशतः स्फटिकी असते. साध्या तापमानाला ही द्रावकं तिच्यात फार आत शिरू शकत नाहीत. बंपर निवांत राहतो.

आपलं किट पॉलिस्टायरीनचं असतं. पॉलिस्टायरीनच्या लांबलचक साखळ्या स्फटिकासारख्या रचलेल्या नसतात; शेवयांचा गुंता असतो. त्यात योग्य द्रावक शिरलं की साखळ्या एकमेकींपासून सुटतात. "योग्य" ठरवायला रसायनशास्त्रात विद्राव्यता गुणांक वापरतात. द्रावक आणि प्लास्टिक यांचे आकडे जेवढे जवळ, तेवढी विरघळण्याची शक्यता जास्त. पॉलिस्टायरीनचा आकडा साधारण १८.५, टोल्युइनचा १८.२, झायलीनचा १८. इथेनॉल २६च्या आसपास आणि पाणी ४८च्या आसपास. म्हणजे बंपरच्या प्रायमरमधली द्रावकं पॉलिस्टायरीनच्या अगदी घरातली माणसं. किट चिकटवायला आपण जी पातळ सिमेंट वापरतो तीही हेच काम करते. टामियाच्या एक्स्ट्रा थिन सिमेंटमध्ये ब्युटाइल ॲसिटेट आणि ॲसिटोन असतं. दोन्ही कडा विरघळवून एक करायच्या, हीच तिची रीत. काकांनी नकळत अख्ख्या पंखाला सिमेंट फासली होती.

उकळणबिंदूही बघण्यासारखे आहेत. ॲसिटोन ५६ अंशाला उकळतं, त्यामुळे पातळ थरातून ते झटकन उडून जातं. टोल्युइन १११ अंशाला, झायलीन १४० अंशांच्या आसपास. ओल्या थरात झायलीन रेंगाळतं, आणि जेवढं रेंगाळतं तेवढं खाली मुरतं. उजवा पंख गेला आणि डावा वाचला, याचं उत्तर इथं आहे. डबा एकच, पण एका पंखावर थर ओला बसला आणि दुसऱ्यावर जवळजवळ सुका.

भेगा कापलेल्या जागेपासूनच का निघाल्या, हा काकांचा प्रश्न मला फार आवडला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात जिथून आत ढकललं जातं (तीच ही कापलेली जागा) तिथं ते थंड होताना ताण अडकून राहतो. डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. द्रावक लागलं की तो ताण मोकळा होतो आणि प्लास्टिक तिथं फाटतं. हे सांगून पटण्यासारखं नाही, म्हणून करून दाखवलं. स्प्रूचा लांब तुकडा धनुष्यासारखा थोडासा वाकवून दोऱ्याने बांधला आणि मधोमध ब्रशने प्रायमरचा एक थेंब लावला. थोड्याच वेळात 'टक्' आवाज होऊन तुकडा दोन झाला. बाजूला न वाकवलेल्या तुकड्यावर तोच थेंब पडला होता. तो नुसता मऊ झाला. काका बराच वेळ त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "धातूत ताणाने गंज वाढतो, तसंच हे." अगदी तसंच.

काकांचा मूळ विचार कुठं चुकला हेही इथंच उलगडलं. ओझरला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आधी वॉश प्रायमर जायचा. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल धातूला किंचित खातं आणि त्या खाल्लेल्या पृष्ठभागावर पुढचा थर पकडून बसतो. त्यावर झिंक क्रोमेटचा पिवळसर हिरवा हात, गंजापासून रक्षणासाठी. म्हणजे चांगला प्रायमर तो जो खालच्या वस्तूला चावतो, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. डब्याला उग्र वास आला तेव्हा त्यांना वाटलं, माल कसदार आहे. किटच्या प्लास्टिकला गंज नाही, त्यावर ऑक्साइडचा थर नाही. तिथं प्रायमरचं काम वेगळं: रंगाला एकसारखी, किंचित खरखरीत जमीन द्यायची, पुट्टी आणि प्लास्टिक यांच्या रंगांतला फरक झाकायचा, आणि राहिलेले सांधे उघडे पाडायचे. चावा हवा तर अगदी पुसटसा.

त्या दिवशी आम्ही पंखाला काहीच केलं नाही, आणि हा निर्णय मी सगळ्यात महत्त्वाचा मानते. काकांचा हात एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरच्या बाटलीकडे चालला होता. प्रायमर पुसून काढावा म्हणून. तसं केलं असतं तर पंखच गेला असता, कारण त्या थिनरमध्येही बहुधा टोल्युइन असतंच. आयसोप्रोपिल अल्कोहोल पॉलिस्टायरीनला इजा करत नाही, म्हणून एका कोपऱ्यात ते चोळून पाहिलं. प्रायमर ढिम्म हलला नाही. मग ठरवलं की काढायचा नाही, सुकू द्यायचा. दहा दिवस मॉडेल पंख्याखाली उघडं ठेवलं. चौथ्या दिवसापर्यंत नाक जवळ नेलं की वास येत होता. आतून द्रावक निघतंय तोवर घासलं तर पृष्ठभाग सपाट होतो आणि आठवड्याने पुन्हा खचतो, हा अनुभव मी पूर्वी एका जहाजाच्या सांध्यावर घेतलेला आहे.

हे दहा दिवस नवा प्रायमर निवडण्यात गेले.

निवड करताना आधी गरज मांडली. काकांचं घर दोन खोल्यांचं, घरात लहान नात, आणि पाऊस म्हणून खिडक्या बंद. एअरब्रश, म्हणजे रंग फवारायची पेनाएवढी बंदूक, आणि छोटा कॉम्प्रेसर माझ्याकडे आहे. विमानाचा रंग फिका करडा, म्हणजे जमीन करडी चालेल. त्याहून कठीण अट बारकाव्यांची. मिग-२१चा पंखविस्तार ७.१५ मीटर, १/४८ मध्ये तो १५ सेंटिमीटरच्या जरा आत येतो. मॉडेलवर प्रायमरचा थर ०.१ मिलिमीटर झाला तर खऱ्या विमानावर तो जवळपास ५ मिलिमीटर जाडीचा लेप होईल. भिंतीचा किंवा लाकडाचा प्रायमर पॉलिस्टायरीनला खात नसेलही, पण तो इथंच बाद होतो. रिव्हेट दिसणारच नाहीत. गाडीचा दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) सरफेसर, म्हणजे बारीक खड्डे बुजवणारा प्रायमर, मी चर्चेलाच घेतला नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याचा फवारा घरात उडवणं म्हणजे फुप्फुसांशी वैर.

उरले दोन घरगुती मार्ग आणि एक मधला. पहिला मार्ग किटसाठीच बनवलेल्या लॅकर (द्रावकातल्या, झटपट सुकणाऱ्या) प्रायमरचा: टामियाचा फाइन सरफेस प्रायमर, जीएसआय क्रिओसचा मिस्टर सरफेसर. दुसरा पाण्यावरच्या ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमरचा: स्पेनच्या वायेहोचा सरफेस प्रायमर, अमेरिकेतल्या बॅजरचा स्टायनिलरेझ. मधला म्हणजे इनॅमल प्रायमर. तो टर्पेंटाइनच्या जातीच्या द्रावकात असतो, प्लास्टिकला सहसा सोसतो, पण पावसाळ्यात सुकायला फारच वेळ घेतो. तो सोडून दिला. आपल्याकडे फवाऱ्याचे डबे मागवण्यात आणखी एक अडचण आहे. दाबाखालचे ज्वलनशील डबे साध्या कुरिअरने विमानातून जात नाहीत, त्यामुळे मिळायला उशीर आणि पैसे जास्त. बाटलीतला प्रायमर आणि एअरब्रश हेच सोयीचं.

इथं काकांनी अगदी रास्त शंका काढली. "लॅकरमध्येही तीच जहाल द्रावकं ना? मग तुझा लॅकर चालतो आणि माझा नाही, असं कसं?" किटच्या लॅकरमध्येही पॉलिस्टायरीनला मऊ करणारी द्रावकं असतात, हे खरंच आहे, म्हणून तर तो इतका पक्का धरतो. फरक मिश्रणात आणि मात्रेत आहे. त्याचं मिश्रण पॉलिस्टायरीन डोळ्यासमोर ठेवून केलेलं असतं, सोबत सौम्य द्रावकं असतात, आणि थर पातळ बसतो. तोच लॅकर ओला, वाहता मारला तर तोही रिव्हेट खाईल. तेव्हा डब्यावर काय लिहिलंय यावर दोघांनीही विश्वास ठेवायचा नाही आणि त्याच किटच्या प्लास्टिकवर चाचणी घ्यायची, असं ठरलं.

चाचणीसाठी परदेशातली मंडळी प्लास्टिकचे चमचे वापरतात. आपल्याकडे एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि तसंही चमचा पॉलिस्टायरीनचाच असेल याची खात्री नसते. तो पॉलिप्रॉपिलीनचा निघाला तर चाचणी उलट फसवेल. खोक्यात याहून उत्तम वस्तू फुकट असते. स्प्रूवर जिथं इंग्रजी अक्षर आणि कंपनीचं नाव उठवलेलं असतं ती पट्टी. तेच प्लास्टिक, आणि वर बारीक अक्षरं. अक्षरांच्या कडा धारदार राहिल्या की बोथट झाल्या, यावरून बारकावे टिकतील की नाही ते लगेच कळतं. शिवाय या किटमध्ये दुसऱ्या आवृत्त्यांचे न लागणारे भागही येतात. इंधनटाकीचा एक अर्धा भाग आम्ही चाचणीला घेतला, कारण त्याला गोलाई आणि सांधा दोन्ही आहेत.

पट्ट्या भांड्याच्या साबणाने धुतल्या. एक मुद्दाम न धुता ठेवली. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग टेपने झाकला, म्हणजे मूळ पृष्ठभाग शेजारीच तुलनेला राहील. प्रत्येक प्रायमरच्या दोन पट्ट्या: एकीवर हलके तीन हात, दुसरीवर मुद्दाम एकच ओला हात. गाडीच्या दुकानातला एनसी सरफेसरही घेतला, कारण तो कोपऱ्यावर मिळतो आणि मोह होतोच. ४८ तास थांबलो.

बंपरच्या प्रायमरने अपेक्षेप्रमाणे अक्षरं गोलसर करून टाकली, हलक्या हातांतही. एनसी सरफेसरचं मात्र विचार करायला लावणारं होतं. हलका मारलेला बरा निघाला, ओल्या हातात प्लास्टिक मऊ झालं, टेपच्या कडेला पायरी पडली. कुणी म्हणेल, मग हलका मारून वापरावा की. मी वापरणार नाही. एनसी थिनरमध्ये काय किती असतं हे डब्यागणिक बदलतं; आज जमलेली गोष्ट पुढच्या डब्याला जमेल याची हमी नाही. पंचवीस रिव्हेटची रांग एकदा गेली की परत आणणं किती कष्टाचं आहे, ते पुढे आलंच.

मिस्टर सरफेसर १००० त्याच कंपनीच्या लेव्हलिंग थिनरमध्ये दीडपट पातळ करून, ०.३ मिलिमीटरच्या नोझलने, १८ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास मारला. हलक्या हातांत अक्षरं जशीच्या तशी. ओल्या हातातही कडा टिकल्या, पण भिंगाखाली पृष्ठभाग किंचित लोळल्यासारखा दिसला. (या नावातला आकडा जितका मोठा तितके कण बारीक, ५०० हा जवळपास पातळ पुट्टीच.) तासाभरात तो १००० नंबरच्या वॉटर पेपरने घासता आला आणि भुकटी सुकी, पिठासारखी निघाली.

पाण्यावरच्या प्रायमरने प्लास्टिकला काहीच केलं नाही. ओला मारा, सुका मारा, खालची पट्टी नव्यासारखी. बांधून वाकवलेल्या तुकड्यालाही धक्का नाही. पण त्याची धर रासायनिक नसते. वरून बसलेल्या कातडीसारखी असते. न धुतलेल्या पट्टीवर टेप लावून ओढला तर प्रायमर पापुद्र्यासारखा टेपबरोबर निघून आला, धुतलेल्या पट्टीवर पक्का राहिला. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट थराचा हा परिणाम. लॅकर तो थर थोडाफार पचवतो, पाण्यावरचा पचवत नाही. दुसरी गोष्ट घासण्याची. दोन दिवसांनंतरही कागदाखाली त्याच्या रबरासारख्या गोळ्या होत होत्या. पावसाळी हवेत याला घाई केली की हेच होतं.

काकांचा कल पाण्यावरच्याकडे होता, नातीमुळे. माझा कल लॅकरकडे, बिघडलेल्या पंखामुळे. पंखावर प्रायमर हा तपासनीस असणार होता: मार, बघ, भेग दिसली की घास, पुन्हा मार. घासता न येणारा प्रायमर तिथं निरुपयोगी. पण धडाला, शेपटीला, डाव्या पंखाला असं काही नको होतं. शेवटी मॉडेल वाटून घेतलं. उजव्या पंखाची दुरुस्ती माझ्या गच्चीवरच्या खोलीत, लॅकरवर. बाकी सगळं काकांच्या घरी, पाण्यावर. क्रम मात्र पाळायचा: लॅकर खाली, त्यावर पाण्याचा थर गेला तर चालेल, पाण्याच्या ताज्या थरावर लॅकर नाही.

अकराव्या दिवशी पंख घासायला घेतला. ४०० नंबरचा कागद पाण्यात भिजवून, रबराच्या तुकड्याभोवती गुंडाळून, मग ६००, मग १०००. प्रायमर आणि त्याखालचं मऊ होऊन गोठलेलं कवच बरंचसं निघालं. कापलेल्या जागेजवळच्या भेगा खोल होत्या. त्यांत नेहमीची ट्यूबमधली पुट्टी भरली नाही. तिच्यातही द्रावक असतं आणि आधीच दुखावलेल्या जागी आणखी द्रावक नको होतं. तिथं सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला झटपट चिकटणारा गोंद, सुईच्या टोकाने उतरवला आणि तासाभरातच घासला. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर तो प्लास्टिकपेक्षा कठीण होतो आणि कडेचं प्लास्टिकच आधी झिजतं. मग सरफेसरचा हात, आडवा उजेड, राहिलेल्या तीन भेगा, पुन्हा गोंद, पुन्हा हात. अशा चार फेऱ्या झाल्या. मी तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज असलेला मास्क लावत होते. कोविडपासून घरात पडून असलेले एन-९५ यासाठी चालत नाहीत. ते कण अडवतात, वाफ अडवत नाहीत.

एक दिवस पाऊस फारच होता आणि मी तरीही फवारलं. थर सुकला तो पांढुरका, धुकं धरल्यासारखा. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि थरात अडकतं. घाबरण्यासारखं नव्हतं, दुसऱ्या दिवशी कोरड्या वेळी लेव्हलिंग थिनरचा अगदी पुसट फवारा दिला आणि धुकं उतरलं. पण त्यानंतर मी आर्द्रतामापक बघितल्याशिवाय बाटली उघडली नाही.

पॅनेलच्या रेषा मी स्क्रायबरने पुन्हा कोरल्या. रिव्हेट काकांनी घेतले. दातेरी चाकाचं हत्यार लवचीक पट्टीला टेकवून, श्वास धरून, एकेक रांग. ड्रॉइंगमध्ये एका ठिकाणी रांग कुठून वळते ते कळत नव्हतं; काकांनी डोळे मिटून, हात हवेत पंखावर फिरवल्यासारखा फिरवला आणि म्हणाले, "इथं झाकण आहे. रांग त्याच्या बाहेरून जाते." आम्ही तशीच मारली.

धड आणि डावा पंख त्यांनी घरीच केला. आधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, आणि त्यानंतर नुसत्या बोटांनी हात लावायचा नाही. पाण्यावरच्या प्रायमरला नोझल जरा मोठं, ०.४ मिलिमीटरचं, दाब २० पीएसआयच्या पुढे. पहिला हात इतका हलका की खालचं प्लास्टिक दिसत राहिलं पाहिजे. हे त्यांना जड गेलं, कारण ओझरच्या बंदुकीला एका हातात झाकण्याची सवय. सुईच्या टोकावर प्रायमर वाळून थुंकायला लागतो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी टोक ओल्या ब्रशने पुसायचं. कॉकपिटची काच आधीच टेपने झाकली होती. पारदर्शक भाग त्याच कुळातले पण अधिक ठिसूळ, द्रावकाचा नुसता फवारा उडाला तरी त्यांवर जाळी पडू शकते. चार हातांनंतर मॉडेल तीन दिवस कपाटात, आणि घासणं पूर्ण वर्ज्य. नाकापुढच्या पितळी नळीला मात्र वेगळा धातूचा प्रायमर लावला. "इथं तरी माझंच खरं ठरलं," असं म्हणून ते काम काकांनी स्वतःकडे घेतलं.

गनप्ला, म्हणजे बांडाई कंपनीची गंडम रोबोंची किट्स, करणाऱ्या मुलांना यातलं एक सांगायला हवं. बांडाईच्या स्प्रूवर पीएस (पॉलिस्टायरीन), एबीएस (त्याचाच एक चिवट भाऊबंद), पीई (पॉलिइथिलीन) अशी अक्षरं छापलेलीच असतात. एकाच रोबोच्या अंगात तीन प्लास्टिकं असतात आणि ताण पडणारे सांधे अनेकदा एबीएसचे. पॉलिस्टायरीनवर चाललेला प्रायमर तिथं चालेल असं धरून चालू नये; एबीएसचा सांधा जोडलेल्या, ताणलेल्या अवस्थेत द्रावकाखाली गेला की आमच्या वाकवलेल्या तुकड्यासारखाच 'टक्' करतो. भाग सुटे करून, त्याच अक्षराच्या स्प्रूवर आधी चाचणी घ्यायची.

करडा रंग २१ सप्टेंबरला लागला, चिन्हं २४ला. २६ तारखेला सकाळी चंदीगडचा कार्यक्रम दूरदर्शनवर चालू असताना मिग काकांच्या टीव्हीखाली, मखमलीच्या तुकड्यावर उभं होतं. दोन्ही पंखांच्या पोतात फरक होता. उजवा जरा गुळगुळीत. मला दिसत होता, काकूंना नाही.

चाचणीच्या पट्ट्या आम्ही तारखा घालून ठेवल्या आहेत. डिसेंबरमध्ये पुन्हा पाहिल्या. पाण्यावरच्या प्रायमरची पट्टी आता १००० नंबरच्या कागदाने सुरेख घासली जाते, गोळ्या होत नाहीत. कोरड्या हवेत आणि वेळ मिळाल्यावर तो पूर्ण घट्ट झाला होता. बंपरच्या प्रायमरच्या पट्टीवर ऑगस्टमध्ये नसलेल्या दोन भेगा वाढल्या होत्या. ते पाहून आम्ही लगेच मिग उतरवून उजवा पंख भिंगाखाली घेतला. वरची बाजू स्वच्छ आहे. खालच्या बाजूला, कापलेल्या जागेपासून निघालेली एक भेग, चार मिलिमीटरची, रंगावर उमटली आहे. काकांनी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आणि शेजारी तारीख लिहिली. पुढची तपासणी मार्चमध्ये.